विद्यापीठातल्या म्युझिक स्कूलचे कार्यक्रम: पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी

विद्यापीठातल्या म्युझिक स्कूलच्या, म्हणजे मुख्यतः पाश्चात्य संगीत शिकवणाऱ्या शाळेच्या, इमारतीवरून रोज येणारी-जाणारी माणसंसुद्धा आत पाऊल टाकत नाहीत. खिडकीतून व्हायोलिनचा एखादा तुकडा ऐकू येतो, तोच तुकडा पुन्हा, मग आणखी दहा वेळा, आणि वाटतं की हे आतल्या लोकांचं काम, आपलं इथे काय? मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मी संगीत शिकलेले नाही, नोटेशन समोर आलं की अजूनही बोट ठेवून वाचावं लागतं. तरी आता अशा इमारतींमध्ये इतके कार्यक्रम ऐकून झालेत की दारावर पत्रकं वाटणारी मुलं ओळखीचं हसतात.

एक गोष्ट आधीच सांगते. नवखा माणूस बहुतेक वेळा मोठ्या ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमापासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. तो कार्यक्रम वाईट नसतो, पण ऑर्केस्ट्रा इतरत्रही ऐकायला मिळतो. म्युझिक स्कूल हा कारखाना आहे; तिथे जायचं ते माल बनताना बघायला. म्हणून लहान खोलीतल्या, वीस-पंचवीस श्रोत्यांच्या कार्यक्रमापासून सुरुवात करा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

पायरी १: कॅलेंडर वाचायला शिका

प्रत्येक म्युझिक स्कूलचं कार्यक्रमांचं कॅलेंडर असतं आणि ते पहिल्यांदा उघडलं की छाती दडपते. मोठ्या शाळांमध्ये कार्यक्रम खरोखरच प्रचंड असतात. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या जेकब्स स्कूलमध्ये वर्षाला हजाराहून अधिक होतात. सगळं वाचत बसू नका. चार-पाच शब्द ओळखता आले की पुरे.

‘रिसायटल’ म्हणजे एका किंवा मोजक्या कलाकारांचा कार्यक्रम. हा शब्द या अर्थाने रुळवला तो फ्रान्झ लिस्टने. १८४० साली लंडनमधल्या आपल्या पियानोवादनाला त्याने हे नाव दिलं, तेव्हा पियानोवर ‘रिसाइट’ कसं करणार, असं लोकांना वाटलं होतं. पुढे ‘सीनियर’, ‘मास्टर्स’ किंवा ‘डॉक्टरल’ असा शब्द जोडलेला असेल, तर ती विद्यार्थ्याची पदवीसाठीची परीक्षाच असते. प्रेक्षकांत कुठेतरी दोन-तीन प्राध्यापक कागद घेऊन बसलेले दिसतील. ‘फॅकल्टी रिसायटल’मध्ये शिक्षक वाजवतात, ‘गेस्ट आर्टिस्ट’ म्हणजे बाहेरून आलेला कलाकार.

‘स्टुडिओ रिसायटल’ हा शब्द मात्र फसवा आहे. मला वाटलं होतं, रेकॉर्डिंग स्टुडिओत काहीतरी असेल. तिथे ‘स्टुडिओ’ म्हणजे एका शिक्षकाकडे शिकणारी सगळी मुलं. त्यामुळे अशा कार्यक्रमात पहिल्या वर्षाच्या घाबरलेल्या मुलापासून पदवीच्या उंबरठ्यावरच्या मुलीपर्यंत सगळे एकामागून एक वाजवतात. एकाच शिक्षकाचे हात किती वेगवेगळ्या हातांत उतरतात, ते एका तासात दिसतं. सुरुवातीला मी हाच कार्यक्रम सुचवेन.

सत्राच्या शेवटच्या काही आठवड्यांत रिसायटलांची रीघ लागते, एका दिवसात चार-चार. तेव्हा घाईने सगळं ऐकण्यापेक्षा सत्राच्या मध्यावर जा. सभागृह मोकळं असतं आणि वाजवणारी मुलंही झोप झालेली असतात.

पायरी २: तिकीट आणि जागा

विद्यार्थ्यांचे बहुतेक कार्यक्रम फुकट आणि सगळ्यांना खुले असतात. ऑपेरा, मोठा ऑर्केस्ट्रा आणि नावाजलेले पाहुणे यांना तिकीट लागतं. मधला एक प्रकार असतो: फुकट, पण आधी जागा राखून ठेवावी लागते. कॅलेंडरमधली ही ओळ लोक वाचत नाहीत आणि दारावरून परत जातात.

ऑपेराच्या बाबतीत एक बारकावा. तरुण आवाजांवर सलग ताण नको म्हणून अनेक शाळा मुख्य भूमिकांसाठी दोन संच तयार करतात आणि ते आळीपाळीने गातात. म्हणजे शुक्रवारी ऐकलेली नायिका शनिवारी वेगळी असू शकते. दोन्ही दिवस जाणारे लोक मी पाहिलेत, आणि ते वेडे नसतात.

वेळेआधी पंधरा मिनिटं पोहोचा. उशीर झाला तर दार ढकलून आत शिरू नका. बाहेर उभा असलेला विद्यार्थी दोन रचनांच्या मधल्या टाळ्यांच्या वेळी आत सोडतो. एकदा मी फक्त पाच मिनिटं उशिरा गेले आणि पहिलीच रचना चाळीस मिनिटांची निघाली. ती मी बंद दाराला कान लावून ऐकली.

जागा बहुधा राखीव नसते, म्हणून निवड करता येते. पियानो असेल तर बोटं दिसायला प्रेक्षकांच्या डाव्या बाजूला बसावं लागतं, कारण वादकाचा उजवा हात श्रोत्यांच्या बाजूला येतो आणि झाकण उजवीकडे उघडतं. डावीकडची जागा आधी भरते, ती या कारणाने. आवाज मात्र मध्यावर किंवा थोडा उजवीकडे अधिक भरीव येतो. पहिल्यांदा जाताना डोळ्यांना झुकतं माप द्या. कान पुढे आपोआप तयार होतो. चतुर्वाद्यवृंद असेल तर शक्य तितकं पुढे बसा. चौघं एकमेकांकडे बघून श्वास घेतात आणि त्या श्वासावर सूर लागतो, ते तिसऱ्या रांगेतून दिसतं, पंधराव्यातून नाही.

पायरी ३: हातातला कागद वाचा

दारावर मिळणारं कार्यक्रमपत्रक घडी करून खिशात घालू नका. दिवे मंद होण्याआधी दोन मिनिटं ते नीट वाचलं की पुढचा तास सोपा जातो.

रचनेच्या नावापुढे अक्षरं आणि आकडे असतात. ‘ओपस’चा आकडा साधारणपणे प्रकाशनाचा क्रम सांगतो, लिहिण्याचा नाही. शोपँचा पियानो कॉन्चेर्टो (एक मुख्य वाद्य आणि सोबत ऑर्केस्ट्रा अशी रचना) क्रमांक १ हा क्रमांक २ च्या नंतर लिहिला गेला, फक्त आधी छापला गेला. मोत्सार्टच्या रचनांपुढचं ‘के’ हे अक्षर लुडविग फॉन कोशेल याच्या १८६२ सालच्या यादीतून आलं आणि ती यादी कालक्रमाने लावलेली आहे. बाखच्या रचनांपुढचे ‘बीडब्ल्यूव्ही’ क्रमांक १९५० साली प्रसिद्ध झालेल्या सूचीतले. त्यात रचना प्रकारानुसार लावल्या आहेत, त्यामुळे १००७ हा आकडा बघून ‘हे म्हातारपणी लिहिलं असणार’ असा अंदाज करू नका. मी केला होता, आणि शेजारच्या गृहस्थांना मोठ्या विश्वासाने सांगितलाही होता.

त्याखाली थोड्या आत सरकवून लिहिलेल्या ओळी म्हणजे रचनेचे भाग, मूव्हमेंट्स. ‘अलेग्रो’, ‘अडाजिओ’ हे इटालियन शब्द वेग आणि वृत्ती सांगतात. त्या ओळी मोजा. तीन असतील तर तीन भाग, चार असतील तर चार. हा एवढा हिशेब टाळ्यांच्या वेळी कामाला येतो. बेथोवनच्या शेवटच्या पियानो सोनाटात, ओपस १११ मध्ये, दोनच भाग आहेत. तिसरा भाग प्रत उतरवणाऱ्याकडे राहून गेला की काय, असं खुद्द प्रकाशकानेच बेथोवनला विचारलं होतं. तेव्हा आपल्याला शंका आली तर लाजू नये.

पायरी ४: टाळ्या

नवख्यांची सगळ्यात मोठी धास्ती हीच. रिवाज असा आहे की भागांच्या मध्ये शांत राहायचं आणि पूर्ण रचना संपली की टाळ्या. हा रिवाज तसा फार जुना नाही. मोत्सार्टच्या काळी लोक भागांच्या मध्येच काय, वादन चालू असतानाही टाळ्या वाजवत. पण आज सभागृहात बसलोय तर आजचा रिवाज पाळावा.

मोजणी पक्की असली तरी तीन ठिकाणी फसगत होते. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीचा तिसरा भाग इतक्या दणक्यात संपतो की टाळ्या वाजवल्याशिवाय राहवत नाही. मी वाजवल्या. अर्ध्या सभागृहाने वाजवल्या. त्यानंतर सुरू होतो चौथा भाग, जो हळूहळू विझत जाऊन जवळजवळ शांततेत संपतो, आणि तो संपल्यावर टाळ्या वाजवायला कुणाचा हात धजत नाही. याच्या उलट मेंडेल्सोनचा ई मायनर व्हायोलिन कॉन्चेर्टो: पहिला भाग संपतो तेव्हा बाकीची वाद्यं थांबतात, पण ‘बसून’ नावाचं वाद्य (लाकडी, उंच, तिरपं धरतात ते) एकच सूर धरून ठेवतं, आणि त्या धाग्यावरून दुसरा भाग सुरू होतो. तिथे थांबा येतच नाही. बेथोवनच्या पाचव्या सिंफनीतही तिसऱ्या भागातून चौथ्यात टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांच्या दबक्या ठोक्यांवरून न थांबता जायचं असतं. अशा वेळी बोटांवर मोजणारा माणूस एका भागाने मागे राहतो.

म्हणून आकड्यांपेक्षा अंगाकडे बघा. रचना संपते तेव्हा व्हायोलिनवादक गज खाली आणतो, पियानोवादक हात मांडीवर ठेवून उठू लागतो, कंडक्टर वळतो. गज हवेत आहे तोवर रचना चालू आहे. आणि तरीही शंका असेल तर टाळी दुसऱ्याला सुरू करू द्या. पहिली टाळी वाजवल्याबद्दल कुणाला बक्षीस मिळत नाही.

सुरुवातीला वाद्यं जुळवताना टाळ्या नकोत, तेही संगीतच समजणारा एखादा उत्साही असतो. ऑर्केस्ट्रात ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य एक सूर देतं, ४४० हर्ट्‌झच्या आसपासचा, आणि बाकीचे तो घेतात. मंचावर पियानो असेल तर सूर पियानोवरून घेतला जातो, कारण पियानो काही त्या क्षणी कुणासाठी जुळवून घेणार नाही.

पायरी ५: मास्टरक्लास चुकवू नका

हा सगळ्यात कमी गर्दीचा आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रकार आहे. नाव ऐकून लोकांना वाटतं की फक्त निष्णातांसाठी असेल. प्रत्यक्षात पाहुणा कलाकार मंचावर खुर्ची टाकून बसतो, विद्यार्थी येऊन तयार केलेली रचना वाजवतो, आणि मग सगळ्यांसमोर शिकवणी होते. आपण फक्त बघायचं.

एक प्रसंग सांगते. एका मुलीने बाखच्या पहिल्या चेलो स्वीटचा (स्वीट म्हणजे छोट्या तुकड्यांची मालिका) प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, वाजवला, सगळा, स्वच्छ. टाळ्या झाल्या. पाहुण्या बाईंनी विचारलं, “पहिली ओळ पुन्हा वाजवतेस? फक्त पहिलं माप.” तिने वाजवलं. माप म्हणजे नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधला तुकडा; त्या मापात आठ सुरांची एक आकृती येते आणि मग तीच आकृती जशीच्या तशी पुन्हा येते. बाई म्हणाल्या, “दोनदा तेच सांगितलंस. दुसऱ्यांदा का सांगितलंस?” मुलगी गोंधळली. तिने पुन्हा वाजवलं, दुसरी आकृती जरा हळू आवाजात. “आता हे प्रतिध्वनी झालं. आणखी काय होऊ शकतं?” मग तिने दुसऱ्या वेळी गज किंचित अधिक लांब ओढला, आणि तेच आठ सूर पुढच्या मापाकडे झुकल्यासारखे झाले. वीस मिनिटांत त्या दोघी सहा मापांच्या पुढे गेल्या नाहीत. बेचाळीस मापांचा तो प्रेल्यूड मी आधी कित्येकदा ऐकला होता. दुसरी आकृती पहिलीपेक्षा वेगळी असू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

मास्टरक्लासला जाताना काय करायचं? जमलं तर वाजवल्या जाणाऱ्या रचनेचं नोटेशन सोबत घ्या. स्वामित्वहक्क संपलेल्या रचना आयएमएसएलपी या २००६ पासून चालणाऱ्या संग्रहातून मोफत उतरवता येतात. वाचता येत नसेल तरी चालेल; रेघ वर गेली की सूर वर, एवढं कळलं तरी डोळा कानाला धरून चालतो. शिक्षक जिथे थांबवतो, तिथे पेन्सिलीने खूण करा. कान लावायचा तो एकाच गोष्टीवर: तोच तुकडा आधी कसा होता, सूचनेनंतर कसा झाला. सूचना पटली नाही तरी फरक ऐकू येतो.

मधे प्रश्न विचारायचे नसतात, जोवर पाहुणा स्वतः सभागृहाकडे वळत नाही. रेकॉर्डिंग तर अजिबात नको. शिकणारं पोर चारचौघांत चुकतंय, ते कुणाच्या फोनवर राहू नये.

पायरी ६: व्याख्यानं

व्याख्यानांची भीती कार्यक्रमांपेक्षा जास्त असते, आणि थोडी रास्तही आहे. त्यांचे प्रकार ओळखा.

‘कलोक्वियम’ म्हणजे विभागातल्या लोकांसाठीचं संशोधनपर व्याख्यान. साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटं बोलणं, मग प्रश्नोत्तरं. विषय संगीतशास्त्राचा किंवा लोकसंगीताच्या अभ्यासाचा असेल तर बाहेरच्याला बरंच समजतं, कारण तिथे गोष्ट असते: कुणी लिहिलं, कुणासाठी, हस्तलिखित कुठे गेलं. वरचीच चेलो स्वीट घ्या. बाखच्या स्वतःच्या हातचं तिचं हस्तलिखित उरलेलं नाही. पत्नी आना माग्डालेना हिने केलेली नक्कल आहे, आणि तिच्यातल्या सूर जोडणाऱ्या कमानी कुठे सुरू होतात नि कुठे संपतात यावर अजून वाद आहेत. एका कमानीवर तासभर चाललेलं व्याख्यान मी ऐकलंय, आणि जांभई आली नाही. विषय संगीताच्या रचनासिद्धांताचा असेल आणि सारांशात आकृत्यांचा उल्लेख असेल, तर पहिल्या खेपेला टाळा.

‘लेक्चर-रिसायटल’ नवख्याला सगळ्यात सोयीचं. वादकच बोलतो, एक तुकडा वाजवून दाखवतो, पुन्हा बोलतो, शेवटी पूर्ण रचना. डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांना अनेक ठिकाणी हे करावंच लागतं. बोलताना चाचरणारी मुलं वाद्याला हात लावला की सरळ होतात.

मोठ्या सार्वजनिक व्याख्यानमाला ही तिसरी जात. हार्वर्ड विद्यापीठाच्या नॉर्टन व्याख्यानांसाठी १९३९-४० मध्ये रचनाकार स्ट्रविन्स्की आला आणि फ्रेंचमधून बोलला. १९७३ साली कंडक्टर आणि रचनाकार लिओनार्ड बर्नस्टाइनने तिथे सहा व्याख्यानं दिली, भाषाशास्त्राच्या चष्म्यातून संगीत बघत, पियानोवर वाजवून दाखवत. ती चित्रित झाली आहेत. घरी बसून सवय करायची तर पहिलं ऐका. पटणार नाही अशा जागा भरपूर आहेत, पण बोलता बोलता हात पियानोकडे कसा जातो ते बघण्यासारखं आहे.

प्रश्नोत्तरांच्या वेळी प्रश्न विचारायचा झाला तर एकच विचारा आणि तो प्रश्नच असू द्या. “तुम्ही वाजवलेला दुसरा नमुना पुन्हा ऐकवाल का?” हा उत्तम प्रश्न आहे. माझ्या अनुभवात त्यावर वक्ता खूश होतो आणि मागच्या रांगेतले चार जण मनातल्या मनात आभार मानतात.

पायरी ७: अनोळखी संगीताच्या संध्याकाळी

नव्या रचनांच्या कार्यक्रमात रचनाकार बहुधा प्रेक्षकांतच बसलेला असतो. रचना संपली की वादक त्याच्याकडे हात करतो आणि कुणीतरी सदरा सावरत उभं राहतं. पत्रकात त्याने लिहिलेला परिच्छेद असतो. तो कळला नाही तर दोष आपला नाही. तिथे सूर शोधण्यापेक्षा काय बदलतंय ते ऐका: दाटपणा, वेग, शांतता किती लांब. जॉन केजच्या १९५२ सालच्या त्या प्रसिद्ध रचनेत तर वादक चार मिनिटं तेहतीस सेकंद एकही सूर वाजवत नाही, आणि तिचेही भाग तीन आहेत. मोजायची सवय तिथेही उपयोगी पडते.

इलेक्ट्रॉनिक संगीत असेल तर मंचावर कुणीच नसतं, स्पीकर चारी बाजूंना असतात. अशा वेळी सभागृहाच्या मध्यावर बसा, कडेला बसलात तर एकाच स्पीकरची मैफल ऐकाल.

अनेक विद्यापीठांत जावा-बालीचा गामेलान, म्हणजे घंटा-थाळ्यांसारख्या ठोकून वाजवायच्या वाद्यांचा वृंद, असतो. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मँटल हुड या संगीत-अभ्यासकाने १९५० च्या दशकात तो विद्यार्थ्यांना शिकवायला घेतला. अभ्यासकाने परक्या संगीतावर नुसतं लिहू नये, ते वाजवताही यायला हवं, हा त्याचा आग्रह होता. कार्यक्रमानंतर कधी कधी प्रेक्षकांना वाद्यं हाताळायला बोलावतात. पादत्राणं काढा आणि वाद्यावरून पाय टाकून ओलांडू नका, वळसा घालून जा.

पायरी ८: किरकोळ, पण विचारलं जातं ते

कपडे रोजचे चालतात. फोन बंद, नुसता मूक नव्हे; अंधारात उजळलेला पडदा मंचावरून दिसतो. खोकला येणार असेल तर दाराजवळची जागा घ्या आणि खडीसाखर आधीच उलगडून ठेवा, कारण हळू आवाजाच्या जागी कागद सावकाश उलगडणं हे पटकन उलगडण्यापेक्षा वाईट. लहान मुलांना आणता येईल का, हे कॅलेंडरवर बघा. दुपारचा स्टुडिओ रिसायटल त्यांना बरा, कारण दर सात-आठ मिनिटांनी माणूस बदलतो. जाता आलं नाही तर बऱ्याच शाळा कार्यक्रम थेट प्रक्षेपित करतात.

पायरी ९: संपल्यावर लगेच पळू नका

विद्यार्थ्याच्या रिसायटलनंतर तो बाहेरच्या लॉबीत येतो. आईवडील, मित्र, वाद्याची पेटी पाठीला. अनोळखी श्रोता पुढे होऊन बोलला, तर त्याला काय वाटतं ते त्याच्या चेहऱ्यावरच बघा. ओळखीपाळखीशिवाय कुणीतरी फक्त ऐकायला आलं होतं, हे त्या लोकांच्या वाट्याला क्वचित येतं. “छान झालं” म्हणून सोडू नका. “दुसऱ्या भागात तुम्ही थांबलात ती जागा आवडली” असं काही बोट ठेवून सांगा. ती जागा चुकीने थांबलेली असली तर तो हसेल आणि खरं सांगेल. माझ्या बाबतीत दोनदा असं झालंय.

मग विचारा, पुढे काय बसवताय. चेलोवाल्या त्या मुलीला मी मास्टरक्लासनंतर हेच विचारलं होतं. ती म्हणाली, पुढच्या सत्रात पदवीचं रिसायटल आहे, बाखची तीच स्वीट, पूर्ण. तारीख पत्रकाच्या मागे लिहून घेतली. त्या संध्याकाळी ती खोली अर्धीच भरली होती. मी डावीकडे, तिसऱ्या रांगेत बसले होते, आणि पहिल्या मापातली दुसरी आकृती तिने तिसऱ्याच तऱ्हेने वाजवली.